भाव शेवटी विचारा

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: ‘ताई, देवळीकडं एखादं घर आहे काय? कितीपर्यंत बसंल?’ मी फोनवर भाव सांगत नाही. लोक रागावतात, दुसऱ्या दलालाकडे जातात. जाऊ द्या. ज्याला फक्त भाव पाहून घर घ्यायचं आहे, त्याचा नि माझा सौदा तसाही जमत नाही.

या धंद्यात येण्याआधी तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान होतं, पुढे त्यातच सेतू सुरू केला. लोकांचे कागद काचेवर उलटे ठेवता ठेवता ते सुलटे वाचायची सवय लागली. कुणाच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा आहे, कुणाच्या घरावर अजून मेलेल्या आजोबाचंच नाव चढलेलं आहे, कुणाची धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, केस चालू आहे, सगळं दोन रुपयांच्या झेरॉक्समध्ये कळायचं. मग लोकच विचारायला लागले, ‘ताई, तुमच्या पाहण्यात आहे काय एखादी जागा?’ होती. तिथून हे सुरू झालं.

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात घरमालक ‘कागद आहे ना’ म्हणून जे पुढे करतो, तो बहुतेक वेळा ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला, घडीवर फाटलेला. तो कर आकारणीचा उतारा आहे. या घराचा कर अमुक माणूस भरतो, एवढंच तो सांगतो. मालकी सांगत नाही. हे ऐकलं की मालकाचा चेहरा पडतो. ‘आमच्या तीन पिढ्या इथंच राह्यल्या, आन् तुम्ही म्हणता कागद नाही?’ राहिल्या, खरं आहे. आपल्याकडे मालगुजारी होती, सारा वसूल करणारा मालगुजारच गावाचा मालक. मालगुजारानं बोट दाखवलं तिथं कूड उभा केला, पुढे त्याचं मातीचं घर झालं, मग विटांचं. मालगुजारी गेली १९५१ साली, घरं राहिली, आणि त्या बोट दाखवण्याचा कागद कुणाकडेच नव्हता. म्हणून कर पावतीलाच लोक कागद समजत आले. यात त्यांचा काही दोष नाही, पण घेणाऱ्यानं तरी डोळे उघडे ठेवावे.

आता स्वामित्व योजना आल्यापासून बरंच सोपं झालं. एप्रिल २०२० मध्ये ती सुरू झाली. गावठाणाची ड्रोननं मोजणी होते आणि प्रत्येक घराचं मालमत्ता पत्रक निघतं. ड्रोन उडायच्या आधी ज्यानं त्यानं आपापल्या हद्दीवर चुन्याची रेघ मारायची असते. त्या रेघांनी गावोगाव जी भांडणं लावली ती विचारू नका. बायकांनी एकमेकींच्या रेघा रात्री झाडूनं पुसल्याचं मला माहीत आहे. पण निदान भांडणं बाहेर तरी आली. ज्या घराचं मालमत्ता पत्रक निघालं आहे, त्याचं क्षेत्र आणि हद्द नकाशावर दिसते आणि बँकही त्या कागदाकडे पाहते. ते असेल तर आधी त्याची नक्कल काढा. नाव कुणाचं आहे ते पाहा. पुष्कळ ठिकाणी नमुना आठवरचंच नाव तिकडे गेलं आहे, आणि तो माणूस वारून वीस वर्षं झालेली असतात. मग वारस लावल्याशिवाय विक्री होत नाही.

वारस म्हटलं की बहिणी आल्या. इथं मी थोडी जास्त बोलणार आहे.

वडिलोपार्जित घर विकायला काढणारे भाऊ माझ्याकडे येतात तेव्हा दोन-तीनच जण असतात. मी विचारते, बहिणी किती? ‘त्यायचं काय? त्या आपापल्या घरी सुखी हायेत.’ सुखी असतील, पण हिस्सेदार आहेत. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, २००५ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २००५ ला बाप हयात होता की नव्हता याच्यावर मुलीचा हक्क अवलंबून नाही. हे भावांना मी सांगते तेव्हा ते मला ‘बायांची वकील’ म्हणतात. म्हणोत. पण घेणाऱ्यानं हे कान देऊन ऐकावं, कारण पुढे दावा पडतो तो त्याच्या अंगावर. ज्या विक्रीपत्रावर बहिणींची सही नाही आणि त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्रही नाही, तो सौदा मी करत नाही. साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेलं ‘माझी हरकत नाही’ चालत नाही. हक्कसोड दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच लागतं.

आणि सही घ्यायला मी स्वतः जाते. आर्वीकडच्या एका गावात अशीच एक बहीण होती. वय साठीच्या पुढे, कपाशी वेचून नुकतीच आलेली, ओच्यात बोंडांची काडी-कस्पटं अडकलेली. भावानं आधीच फोन करून ठेवला होता, ‘बाई येईल, सही करून दे.’ तिनं चहा ठेवला, कागद हातात घेतला, खालवर पाहिला आणि मला म्हणाली, ‘मले वाचता येत नाही बाप्पा. पण सही करता येते. मंग तू वाचून दाखव, पुरा.’ मी पुरा वाचला. ‘माझ्या हिश्शाचे किती होते?’ तिनं विचारलं. मी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘भावाले सांग, अर्धे देजो. अर्धे सोडले. दिवाळीले माहेर तं पायजे.’ भाऊ कुरकुरला, पण दिले. ते घर आज ज्यानं घेतलं त्याला झोप लागते.

घराच्या कागदांचं एवढ्यावर थांबवते, कारण गावठाणातल्या घराला फार काही लागत नाही. उलट एक फायदा लोकांना माहीतच नसतो: गावठाणातलं घर कुणीही घेऊ शकतो, शेतकरी असण्याचा दाखला लागत नाही. शेतजमिनीला मात्र लागतो. विदर्भाचा कुळकायदा वेगळा आहे, १९५८ चा, आणि त्यात शेती शेतकऱ्यालाच विकायची अट आहे. पुण्या-मुंबईचे लोक मला विचारतात, ‘दोन एकर घेऊन छोटं फार्महाउस बांधू.’ आधी तुमच्या नावावर कुठं सातबारा आहे का ते सांगा.

सातबाऱ्याचा विषय निघालाच आहे तर, वरच्या बाजूला भोगवटादार वर्ग लिहिलेला असतो तो वाचा. वर्ग १ असेल तर पुढे चला. वर्ग २ असेल तर थांबा. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. विनोबांचं पवनार आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे आपल्याकडे भूदानातल्या जमिनीही भेटतात. त्यांना १९५३ चा भूदान कायदा लागतो आणि त्या खुल्या बाजारात विकायच्या नसतातच. तरी कुणीतरी शंभराच्या जुन्या स्टॅम्पवर ‘कब्जा दिला’ असं लिहून पैसे घेऊन बसलेला असतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर शासनाच्या मान्यतेनं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ‘मी करून आणतो’ म्हणणाऱ्या माणसापासून दोन हात लांब राहा. ई-क्लासवरच्या घरांचंही तेच. ती जागा सरकारची, नमुना आठवर अतिक्रमण म्हणून नोंद. माणूस गरीब असतो, गरजू असतो, घर स्वस्तात देतो म्हणतो. त्याची मला कीव येते, पण विकायला त्याच्याकडे काही नसतंच.

समृद्धी महामार्ग आला, येळाकेळी आणि विरूळला त्यावर चढायची-उतरायची ठिकाणं झाली, वर्ध्याहून देवळीवरून कळंबपर्यंत रेल्वे सुरू झाली २०२४ मध्ये. आता शक्तिपीठ महामार्ग पवनारपासून निघणार म्हणतात. या प्रत्येक बातमीसोबत शेतात चुन्याच्या रेघा मारून ‘एक गुंठा, दोन गुंठे, हप्त्यानं’ विकणारे उगवले. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे किमान क्षेत्र ठरलं. त्याच्या आतला तुकडा अकृषक न करता घेतला की सातबाऱ्यावर तुमचं नाव लागायचे वांधे. जुन्या व्यवहारांना सरकारनं सवलत दिली म्हणून हे लोक आता नवे प्लॉटही त्याच नावाखाली खपवतात. सवलत १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतच्या व्यवहारांची आहे. तारीख पाहा.

आता माती. खरं सांगायचं तर मला कागदांपेक्षा मातीची भीती जास्त वाटते. कागद दुरुस्त होतो.

आपली काळी भारी जमीन कपाशीला सोनं आणि घराला वैरी. पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसते, वीतभर भेगा पडतात. ती वर-खाली होते तसं तिच्यावरचं घर वर-खाली होतं, आणि सगळीकडे सारखं होत नाही, तिथंच घोळ. घर पाहायला गेले की मी रंगाकडे पाहत नाही, खिडक्यांच्या कोपऱ्यांकडे पाहते. कोपऱ्यातून तिरपी निघालेली, विटांच्या सांध्यातून जिन्यासारखी चढत गेलेली भेग दिसली की समजायचं पाया हलतोय. ताजी पुट्टी फक्त कोपऱ्यांवरच मारलेली असेल तर तीही बोलते. मग बाहेर जाऊन जोत्याच्या कडेनं चालते. एप्रिल-मे असेल तर जोतं आणि जमीन यांच्यामध्ये फट पडलेली दिसते. त्यात तुराटीची काडी घालून पाहते. काडी कोपरापर्यंत आत गेली तर मी मालकाला विचारते, मुरूम किती खाली लागला? ‘लागला ना, लागला’ असं उत्तर आलं तर तो खोटं बोलतोय असं नाही, त्याला ठाऊकच नसतं. शेजारच्यानं संडासाचा खड्डा खणला असेल, त्या खणणाऱ्या माणसाला विचारा. त्याला फुटाफुटाचं माहीत असतं.

जमलं तर घर दोनदा पाहा, एकदा चैत्र-वैशाखात नि एकदा श्रावणात. उन्हाळ्यात सटकन लागणारं दार पावसाळ्यात खांदा लावून ढकलावं लागत असेल तर ते फक्त लाकूड फुगल्यानं होतं असं नाही, चौकटही तिरपी होत असते.

बांधलेल्या घराला काय करता येतं? पाणी पायापासून लांब ठेवा, हाच निम्मा इलाज. घराभोवती तीन-चार फूट रुंद पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, फरशीचा किंवा सिमेंटचा करून घ्या. न्हाणीचं पाणी भिंतीच्या मुळाशी सोडू नका, नालीपर्यंत न्या. आणि कूलर. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत कूलर खिडकीत टांगलेला, त्याची टाकी गळते, पाइपमधून रात्रभर थेंब थेंब त्याच एका जागी पडतात. बाकी सगळी जमीन वाळून भेगाळलेली आणि कूलरखालची तेवढी ओली. भेग नेमकी त्याच खिडकीला पडते, मी किती घरांत पाहिलं. बादली लावा, पाणी परसातल्या झाडाला टाका. पण ते झाडही भिंतीला चिकटून नको. कडुनिंब, पिंपळ, उंबर भिंतीपासून लांबच बरे.

नवं बांधणार असाल तर मुरमापर्यंत उतरा. मुरूम फारच खाली असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच काळ्या जमिनीसाठी खाली बल्ब असलेल्या पाइल काढल्या आहेत, त्या जाणणारा इंजिनिअर गाठा. गावातला मिस्त्री म्हणेल, ‘काही नाही होत ताई, चार फूट पुरे.’ मिस्त्री घर बांधून निघून जातो.

उंचीचं एक सांगायचं राहिलं. गावात दर काही वर्षांनी सिमेंट रस्ता होतो. जुना न खोदता त्यावरच नवा टाकतात. रस्ता चढत जातो, घर तिथंच राहतं. ज्या ओट्याला चार पायऱ्या होत्या त्याला आता एक उरलेली असते, आणि काही घरांत तर पायरी उतरून आत जावं लागतं. पावसात रस्त्याचं पाणी ओसरीत. म्हणून घर पाहताना दाराशी उभं राहून रस्त्याकडे पाहा, नालीचा उतार कुठल्या बाजूला आहे ते पाहा आणि शेजारणीला विचारा, मागच्या पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत आलं होतं. मालकाला विचारू नका.

छपरांबद्दल थोडक्यात. कवेलूचं, म्हणजे कौलारू घर थंड, पण दरवर्षी मृगाच्या आत फेरून घ्यावं लागतं, आणि फेरणारी माणसं आता भेटत नाहीत. त्यात वानरं. एक टोळी छपरावरून गेली की टोपलंभर कवेलू खाली. म्हणूनच लोकांनी टिना, म्हणजे पत्रे टाकले आणि दुपारी भाजून निघू लागले. पश्चिमेची भिंत एकेरी विटांची आणि वर टिना असेल तर मे महिन्यात त्या खोलीत दुपारी चारला दहा मिनिटं बसून पाहा, मग भावाचं बोलू. स्लॅबला मार्चमध्ये चुन्याचे दोन हात दिले तर फरक पडतो, खर्च काहीच नाही.

पाण्याचं: नळ आहे का असं विचारू नका, जलजीवनचे नळ आता घरोघरी आहेत. मे महिन्यात पाणी किती दिवसांआड येतं ते विचारा. अमरावती-अकोल्याकडे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात घर घेणाऱ्यांनी विहीर-बोअरचं पाणी आधी चाखून पाहावं, आणि बांधकामाला तर ते खारं पाणी मुळीच वापरू नये, सळई आतून खाते.

लाइटबिल थकलेलं नाही ना, मीटर कुणाच्या नावाचं आहे, हे इसार द्यायच्या आधी पाहायचं. रजिस्ट्री झाली की लोक पेढे वाटतात आणि विसरून जातात. पत्रकावर नोंद, पंचायतीत नमुना आठवर नाव, मीटरवर नाव, ही तिन्ही कामं त्याच महिन्यात उरकून घ्या. घर एकट्या बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, २०२१ पासून. हे सांगितलं की नवरे एकदम बायकोकडे पाहतात.

मी दोन्हीकडून एक-एक टक्का घेते, रजिस्ट्रीच्या दिवशी, आधी नाही.

आता सध्या माझ्याकडे काय आहे ते.

देवळीपासून जवळच, बसस्टॉपच्या मागे, स्लॅबचं तीन खोल्यांचं घर. जागा दीड हजार चौरस फूट, मालमत्ता पत्रक निघालेलं, नाव हयात मालकाचंच. मुरूम वरच लागतो, भेगा नाहीत. स्वयंपाकघर पश्चिमेला, उन्हाळ्यात त्रास होणार. ओट्याच्या दोन पायऱ्या शिल्लक. मुलगा पुण्याला नेतोय म्हणून म्हातारा-म्हातारी विकताहेत, घाई नाही. शाळामास्तरासाठी किंवा पोरांच्या शाळेसाठी खेड्यातून येणाऱ्यासाठी बरं.

पुलगावच्या अलीकडे अडीच एकर, कोरडवाहू, वर्ग १, बोजा नाही. धुऱ्यावर शेजाऱ्याशी जरा कुरबुर होती म्हणून मालकाला आधी सरकारी मोजणी करायला लावली. हद्दीच्या खुणा गाडल्या आहेत, मोजणीचा नकाशा, म्हणजे क प्रत, माझ्याकडे आहे. पांधण रस्ता पावसाळ्यात बंडीलाच (बैलगाडीलाच) जमतो, ट्रॅक्टर फसतो. फक्त शेतकऱ्यासाठी.

आणि एक वाडा. नऊ खणांचा, मधे चौक, सागवानी खांब आणि मयाली (आडव्या तुळया), दिंडीदरवाजा शाबूत. मागची परसाकडची बाजू ढासळली आहे, एका कोपऱ्याला उधई (वाळवी) लागली आहे, बाकी लाकूड ठणठणीत. नागपूरचे दोन गिऱ्हाईक फक्त लाकडासाठी आले होते, वाडा पाडून खांब नेतो म्हणाले, आणि भाव खरंच चांगला देत होते. मालक तयार नाहीत. राहणाऱ्यालाच द्यायचा म्हणतात, मग थोडा कमी आला तरी चालेल. पाच वारस आहेत, तीन भावांच्या सह्या तयार. थोरली बहीण हो म्हणाली आहे, धाकटीला आधी सगळे कागद वाचायचे आहेत, ते मी तिला पाठवले आहेत. तिचं काय ते कळेपर्यंत मी इसार घेणार नाही, कितीही आग्रह केला तरी. पाहायला मात्र या, सकाळच्या वेळी. टॉर्च आणा, माळ्यावर लाइट नाही, आणि जिन्याची तिसरी पायरी हलते.